कॉन्स्पिक्युअस जागा

“घरात कुणीच न्हवतं, मग कागद दावला कुणाला?” गोजरबाईंनी लोहारा तालुक्याच्या कोर्टाबाहेर मला विचारलं.

“दाराला,” मी म्हटलं.

गोजरबाई मेंढपाळ. दिवाळी झाली की घराला कुलूप लावून कळपामागं निघायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं. यंदा परतल्या तर घरामागच्या जागेला चुलतदिराचं तारेचं कुंपण. पावसाळ्यात मेंढरं बसवायला त्यांना तेवढीच जागा. दिरानं दावा लावून ती स्वतःच्या नावे करून घेतली होती. बाई कोर्टात हजरच नाहीत, म्हणून निकाल एक्स पार्टी, म्हणजे एकतर्फी झाला.

त्यांचा वकील म्हणून मी फाईल काढली. पक्षकाराचा पत्ता लागत नसेल, तर नोटीस घराच्या ‘कॉन्स्पिक्युअस’ जागी, म्हणजे सहज नजरेत भरेल अशा जागी डकवायची असते. बेलिफानं ती दाराच्या मधोमध डकवली होती. त्याचं काम चोख. गल्लीत ती सगळ्यांना दिसली. फोन करून वाईटपणा कुणी घेतला नाही.

“तुम्ही कुठं आहात, हे दिराला ठाऊक नव्हतं?”

“आवो, अणदूरला खंडोबाच्या जत्रत भेटला की! आमच्यात बसून जेवला. जाताना मला भंडारा लावला. ह्यातला चकार शब्द बोलला न्हाय.”

मला हुरूप आला. पत्ता माहीत असून कोर्टाला ‘माहीत नाही’ सांगितलं, एवढं सिद्ध झालं की निकाल फिरतो.

“जेवायला आणखी कोण होतं?”

“सगळी भावकी.”

मी घरोघर गेलो. सगळीकडं चहा मिळाला. एक म्हातारे तेवढं खरं बोलले. “वकीलसायेब, जेवलो व्हय. पण नाती लग्नाच्या हायेत. दोन्हीकडं उठबस हाय आमची. कोर्टात न्हाय येणार.”

कोर्टात दिरानं शपथेवर सांगितलं, जत्रेत भेट झालीच नाही.

“नोटीस दर्शनी भागावर लावली होती ना?” जजसाहेबांनी मला विचारलं.

“होती, साहेब. पण यांची भेट—”

“साक्षीदार?”

भावकीतलं कुणी आलं नव्हतं. एकतर्फी निकाल रद्द करण्याचा आमचा अर्ज फेटाळला गेला. दिराचा राग आलाच, पण त्या चहाचा जास्त आला.

बाहेर आल्यावर मी अपिलाचं बोलू लागलो. गोजरबाई आभाळाकडं बघत होत्या.

“ते करा तुमी. पर आज मेंढरं कुठं बसवू?”



आता कळप निघायच्या आधी मेंढपाळ पक्षकार भेटला की मी त्याला बजावतो: तुमचा नंबर माझ्याकडं ठेवून जा, भावकीच्या भरवशावर राहू नका. दाराला चिकटलेला कागद कोर्टाला दिसतो. पंगतीतली माणसं दिसायला त्यांना उठून यावं लागतं.