लाल चिंधीचं तवसं

मुळ्याच्या जुडीचंसुद्धा बारसं करायला हवं, असं ज्याला मनापासून वाटायचं असा माणूस अख्ख्या पश्चिम उपनगरात एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या ताईच्या वाट्याला आला. आमचे भावोजी. उमेदीची सगळी वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. संपात गिरणी गेली, आवाज तेवढा शिल्लक राहिला. त्यांच्या बरोबरीचे कुणी रिक्षा चालवू लागले, कुणी वॉचमन झाले. भावोजींनी मात्र दिंडोशीच्या टेकडीखाली, आरे कॉलनीच्या हद्दीला लागून, ओळखीच्या एका म्हातारीची पडीक जमीन खंडाने घेतली आणि ताईला ठणकावून सांगितलं, "आता माका व्हया ता मी करतलंय!" शेजारच्या चार खोल्यांतल्या लोकांनाही त्याच वेळी ते कळलं.

युरियाचा कण त्या जमिनीत पडू द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. 'सेंद्रिय' वगैरे शब्द तेव्हा भाजीबाजारात कुणाच्या तोंडी नव्हते. भावोजी आपले 'बिनखोटी भाजी' म्हणायचे. शेणखत आरेच्या गोठ्यांतून यायचं. एकदा हातगाडी मिळाली नाही, तर हे गृहस्थ पोतं घेऊन थेट बसमध्ये चढले. कंडक्टरने नाकाला रुमाल लावून विचारलं, "काय आहे हे?" भावोजी गरजले, "सोनं!" "मग सोनं घेऊन टॅक्सीने जा ना यार," असं म्हणून त्याने त्यांना पुढच्याच स्टॉपवर उतरवलं. भावोजी पोतं डोक्यावर घेऊन चालत घरी आले आणि कौतुकाने ताईला सांगू लागले, की कंडक्टर मोठा जाणकार माणूस, सोनं म्हटल्यावर त्याने वाद घातला नाही!

त्यांचं वर्ष कॅलेंडरवर चालतच नसे. पावसात पडवळ, दोडकी आणि तवसं, म्हणजे आमच्या कोकणातली ती भलीमोठी काकडी. थंडीत वांगी, मुळा, वाल. उन्हात विहिरीच्या तळच्या पाण्यावर जगवलेला लाल माठ. प्रत्येक भाजीचा पहिला कोंब म्हणजे घरातलं कार्य. मी तेव्हा अंधेरीच्या एका कचेरीत कामाला होते. तिथल्या एकुलत्या एका फोनवर भावोजींचा फोन यायचा आणि तो कानाला न लावताही सगळ्यांना ऐकू यायचा. "उगवलं गो! दोन पानं! गुटगुटीत!" आमचे हेडक्लार्क खुर्चीतून उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "अभिनंदन! मुलगा की मुलगी?" मी म्हटलं, "दोडका." त्यानंतर ते माझ्याशी जरा जपूनच बोलत.

रविवारी सकाळी गोरेगावच्या बाजारात भावोजी पोतं अंथरून बसत. पालेभाजीला भोकं असायची. एखाद्या बाईने नाक मुरडलं की ते जुडी उंच धरून ओरडायचे, "अळीने आधी चाखून बघितलंय वहिनी, आता तुम्ही बिनधास्त खा!" पण खरी गंमत पुढेच होती. भाजी घ्यायची तर आधी ती कशी करणार हे त्यांना सांगावं लागे. भरली वांगी म्हटलं की वांगी स्वतः निवडून देणार, वर मूठभर कोथिंबीर. उत्तर पसंत पडलं नाही की सरळ, "तुमका पलीकडे मिळात." सुटाबुटातल्या एका साहेबांनी मुळा सॅलडला हवा म्हणून सांगितलं. भावोजींनी पाला कापून स्वतःजवळ ठेवला आणि नुसता मुळा दिला. "पाल्याची भाजी करणाऱ्याला पाला मिळेल. तुमका कशाला व्हयो?" गिऱ्हाइकांची नावं त्यांनी कधी विचारली नाहीत. त्यांच्या लेखी गोरेगावात 'भरली वांगी' राहत होत्या, 'डाळमेथी' राहत होत्या, आणि स्टेशनजवळ 'फोडणीचं पडवळ' नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. पैशांपेक्षा त्यांना ह्याच गप्पांत रस, आणि ताई कपाळाला हात लावून बसलेली.

ह्या सगळ्यांत त्यांचा जीव तवशावर. ते बी त्यांच्या आईने मुंबईला येताना पदराला बांधून आणलं होतं. गावी माकडांपायी वाडीतल्या लोकांनी परसात काही लावणं सोडून दिलं, त्यामुळे ते बी आता फक्त ह्यांच्याजवळ. दरवर्षी एक चांगलं फळ बियांसाठी वेलावरच राखायचं आणि चुकून कुणी तोडू नये म्हणून त्याला लाल चिंधी बांधायची, ही आईचीच पद्धत. एका वर्षी मात्र भावोजींना आनंदाचं इतकं भरतं आलं, की त्यांनी निम्मं बी पेरलं आणि उरलेलं ज्याच्या दारात कुंडी दिसेल त्याला वाटून टाकलं. आमच्या हेडक्लार्कनाही पुडी गेली, त्या कंडक्टरलाही गेली. कुंड्यांमध्ये काही जगलं नाही. आणि भाद्रपदात एका दुपारी गोठ्यातल्या म्हशी कुंपण मोडून आत शिरल्या आणि सगळे वेल फस्त करून गेल्या. खोपीच्या छपरावर चढलेला एकच वेल वाचला, त्यावर एकच तवसं. भावोजींनी त्याला चिंधी बांधली आणि रोज शिडी लावून त्याची विचारपूस करू लागले. ते गेलं असतं तर आईचं बी संपलं असतं.

दसऱ्याच्या सुमाराला ते पिकून तांबूस पिवळं झालं. आता माणसाने काय करावं? घरी आणून ठेवावं. पण भावोजींना ते लोकांना दाखवायचं होतं! "अहो, बाजारात कशाला नेताय ते?" ताई कळवळून म्हणाली. "कशाला म्हंजे? लोकांनी बघूक नको?" रविवारी पोत्याच्या मधोमध चिंधीसकट ते तवसं विराजमान झालं. त्या दिवशी मी मुलुंडहून ताईकडे जेवायला आले होते. भावोजी दुपारी घरी आले ते पाय ओढतच. हातात नुसती लाल चिंधी.

झालं होतं असं, की हिरव्या साडीतली एक नवी बाई पोत्यासमोर थांबली, तवशावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती वर्षांनी बघितलं हो असं! ह्याचं धोंडस काय होईल!" धोंडस म्हणजे तवसं किसून, गूळ-रवा घालून भाजलेला आमच्याकडचा केक. आजवर बाजारात हे उत्तर कुणी दिलं नव्हतं. भावोजी उभेच राहिले. "भाजणार कशात?" "कुकरची शिट्टी काढून, खाली वाळू घालून." भावोजींनी चिंधी सोडली, तवसं दोन्ही हातांनी तिच्या पिशवीत ठेवलं आणि पैसेही घेतले नाहीत. ती बसमध्ये बसून गेल्यावर त्यांचं लक्ष हातातल्या चिंधीकडे गेलं.

"बाई राहते कुठे?" ताईने विचारलं. "दिंडोशीच्या नव्या वसाहतीत, म्हणाली." "नाव?" भावोजींनी चिंधीची घडी घातली. मग म्हणाले, "धोंडस."

जेवणं तशीच टाकून आम्ही तिघं निघालो. त्या वसाहतीत सगळ्या इमारती सारख्या, सगळ्या दारांना एकच रंग. भावोजी प्रत्येक जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून गिरणीच्या आवाजात विचारायचे, "हंय धोंडस कोण करता?" खिडक्या उघडल्या, गॅलऱ्या भरल्या. एकाने वर्गणीला आलोत समजून दार लावलं. एक आजी म्हणाल्या, "मी करते, पण आता दात नाहीत." बघता बघता आमच्यामागे अर्धी वसाहत चालू लागली, आणि ताई लाजेने माझ्यामागे लपत होती. शेवटी एका जिन्यात गुळाचा आणि वेलदोड्याचा खमंग वास आला. भावोजी पायऱ्या एकदम दोन-दोन चढत तिसऱ्या मजल्यावर पोचले.

दार त्या हिरव्या साडीनेच उघडलं. "अय्या, भाऊ तुम्ही! या ना, आत्ताच उतरवलंय," असं म्हणून तिने ताटली पुढे केली. भावोजी त्या तपकिरी वड्यांकडे बघत राहिले. मग इतक्या हळू बोलले, की त्यांच्या शेजारी उभी असून मला कान पुढे करावा लागला. "सगळं किसलात?" तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. ताईनेच तिला चिंधीची सगळी हकिगत सांगितली.

"अहो, पण बी कोण टाकतं?" ती बाई म्हणाली आणि आम्हांला स्वयंपाकघरात घेऊन गेली. खिडकीशेजारच्या भिंतीवर राखेचे ओले ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्यात तवशाचं बी. "सासूबाई गावी चुलीच्या राखेत कालवून भिंतीला लावायच्या. इथे गॅसवर राख कुठली? म्हणून देवापुढची उदबत्तीची राख साठवते." त्या ओल्या ठिपक्यांखाली जुने, वाळलेले ठिपके होते. भोपळा, दुधी, घोसाळं. "मग हे पेरता कुठे?" मी विचारलं. ती जरा ओशाळून हसली. "तिसऱ्या मजल्यावर कुठे पेरणार? पण हातून टाकवत नाही हो."

भावोजी भिंतीला नाक टेकवून एकेक बी बघत होते. मग त्यांनी जी आरोळी ठोकली ती खाली जमलेल्या लोकांपर्यंत गेली: "आसा! सगळा आसा गो!" खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते बहुतेकांना माहीत नव्हतं. भावोजींनी ताटलीभर धोंडस खाल्लं, निम्मं बी नखाने हलकेच सोडवून चिंधीत बांधलं आणि उरलेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही हंयच ऱ्हवांदेत. सगळा एका जाग्यार ठेवचा नाय." पुढच्या पावसात ती बाई आपल्या भिंतीवरचं जुनं बी घेऊन शेतावर आली. दुधी काही रुजला नाही. पण भोपळा उगवला, आणि ती वाफ्याकडेला बसून हसता हसता रडू लागली. तिच्याहून मोठ्याने भावोजी रडत होते.

आता भावोजी नाहीत. ते शेत कुठे होतं हे सांगायला गेलं तर एका इमारतीच्या पार्किंगकडे बोट दाखवावं लागतं. माझ्या मुलुंडच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर उदबत्तीच्या राखेचे ठिपके आहेत, त्यांत भावोजींनीच दिलेलं बी. रंगारी म्हणाला, "ताई, एवढा भाग वाईट दिसेल," तर म्हटलं, दिसू दे. यंदा खिडकीच्या ग्रिलमध्ये तेलाचा जुना डबा ठेवला आणि त्यात तवशाचं बी टोचलं. परवा सकाळी माती उचलून दोन पानं वर आली, गुटगुटीत. मी धावत जाऊन ताईला फोन लावला. पण कसंबसं, हळूच म्हटलं, "ताई, उगवलं."

मग ताई म्हणाली, "असं हळू सांगतात होय गं? नीट सांग."

मी खिडकीशी गेले, छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या मुलुंडला ऐकू जाईल असं ओरडले, "उगवलं गो!"