बुटक्याचा वाटा

फ्लोर्यान इद्रिया गावातल्या पाऱ्याच्या खाणीत उतरला, की घरून आणलेल्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या आधी फळीवर ठेवायचा आणि मगच कामाला लागायचा. त्या असायच्या खाणीत राहणाऱ्या, कुणाला न दिसणाऱ्या बुटक्यासाठी. बुटका उपाशी राहिला तर छत पाडतो, हे आम्ही खाणकामगार सगळेच मानतो; त्याला रोज जेवू घालणारा मात्र हा एकटाच. पाळी संपेपर्यंत फळी रिकामी झालेली असायची.

तो निवृत्त झाला आणि त्याची झोप उडाली. खाली आपली माणसं, आणि बुटक्याला जेवू घालणार कोण? खाणीतल्या जोडीदारानं, ब्लाझनं, शब्द दिला, "मी आहे ना!"

आठवड्यातच ब्लाझ दारात हजर. "बुटका माझ्या बायकोच्या करंज्यांना तोंड लावत नाही रे. म्हणतो, कांदा करपलेला असतो. तुझ्याच घरच्या दे."

"म्हणतो? तुला?" फ्लोर्याननं त्याच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं. "चोरा, इतकी वर्षं तूच हाणत होतास!"

"मग छत कुठे पडलं?" ब्लाझ पुटपुटला.

फ्लोर्यान हळहळला. "म्हणजे बिचारा उपाशीपोटी छत धरून उभा होता रे!"

त्यानं दुप्पट करंज्या बांधून दिल्या. "आधी त्याला. उरल्या तर तुला."