मधला पंधरवडा

भिंगरीला एका जागी बसवायचं म्हणजे वाऱ्याला खुंटीवर टांगायचं! प्रसूतिगृहातली ही जुनी नर्स. सगळे तिला भिंगरीच म्हणायचे, अगदी तोंडावर. तिच्या लग्नाच्या फोटोत नवरा ठळक आहे आणि ही पुसट, कारण फोटोवाल्याने बटण दाबेपर्यंत ही हललीच. कुणाचं दुखलंखुपलं कानावर आलं की पायात चपला. आणि नेमकं हिच्याच गळ्यात असं काम पडलं, ज्यात हात बांधून बसायचं होतं.

झालं असं, की मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्नावली तयार केली. गरोदर बाईचं मन आईपणाला कितपत सरावलंय, हे त्या प्रश्नांतून कळावं. पण प्रश्न भरवशाचे आहेत का, ते आधी पारखायला हवं. म्हणून त्याच बायांना तेच प्रश्न पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचे. उत्तरं साधारण तीच आली तर प्रश्न पक्का.

"सिस्टर, मधल्या पंधरवड्यात धीर द्यायचा नाही, सल्ला द्यायचा नाही," बाईंनी बजावलं. "कुणाचं फारच बिकट वाटलं तर मला सांगा, मी बघते. तुम्ही नुसतं विचारायचं."

"नुसतं?"

"नुसतं!"

त्यातला एक प्रश्न भिंगरीने सुचवलेला होता: 'बाळाला एकटीने सांभाळायची भीती वाटते का?' बाईंनी तो जसाच्या तसा घेतला, तेव्हा भिंगरीची टाच आठवडाभर जमिनीला टेकली नव्हती.

पहिल्या फेरीत कोपऱ्यावरची शिंपीण आली. सातवा महिना.

"भीती? खूप वाटते," ती हळूच म्हणाली. "मी आजवर तान्हं मूल हातातच घेतलेलं नाही, सिस्टर. मान मोडली त्याची तर?"

भिंगरीने ओठ दाताखाली धरला आणि पुढचा प्रश्न विचारला.

घरी येऊन तिने घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

"आता तळाला भोक पडेल," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला. "झालंय काय?"

"कुठे काय?"

"मग बस की जरा."

"बसलेच आहे हो!" आणि ही उभीच.

दुसऱ्या दिवशी उशीचे अभ्रे शिवायचं निमित्त काढून ती शिंपिणीच्या दुकानात. पिशवीत कापडी बाहुली. मान कशी धरायची, कुशीत कसं घ्यायचं, ढेकर कसा काढायचा, सगळं दाखवून मोकळी! मग वाटलं, हिलाच का? जिने जिने 'खूप' म्हटलं होतं, तिच्या तिच्या दारात ही काहीबाही सबब घेऊन हजर.

दुसरी फेरी झाली. उत्तरं ताडून पाहताना बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सिस्टर, तुमचा प्रश्न काढून टाकावा लागणार. बाकीचे ठाम आहेत, हाच डळमळतोय. तेव्हाची 'खूप' आता 'जराशी' म्हणते. असल्या प्रश्नावर विसंबायचं कसं?"

भिंगरीच्या मनात आलं, गप्प बसलं तर आपलं काही बिघडत नाही. पण प्रश्न जाणार, आणि मग कुठल्याच शिंपिणीला हे कुणी विचारणार नाही. ती खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली.

"अहो, बसा ना एकदा!"

"मॅडम, प्रश्न नाही डळमळला. बायांना मीच हलवलं." आणि बाहुलीसकट सगळं ओकून टाकलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. "किती जणींना?"

"भीती वाटते म्हणालेल्या... सगळ्यांना."

"सगळ्यांना! म्हणजे एवढं काम पाण्यात गेलं की हो!" बाई बराच वेळ पेन आपटत राहिल्या. "बरं. प्रश्न ठेवू या. नव्या बाया घेऊ. पण विचारणार तुम्ही नाही."

"मग मी काय करू?"

"दुसऱ्यांदा विचारून झालं की बाई बाहेर येईल. मग शिकवा तिला हवं ते. त्याआधी चकार शब्द नाही!"

तेव्हापासून भिंगरी बाहेरच्या बाकावर. मांडीवर बाहुली, आणि पाय असा हलतोय की बाकाची दुसरी कड वाजतेय. दार उघडलं. एक अवघडलेली पोर बाहेर आली, घाबरीघुबरी.

भिंगरी ताडकन उठली. "झालं का गं दोन्ही वेळचं?"

"नाही मावशी, पहिल्यांदाच आले. पंधरा दिवसांनी परत बोलावलंय." तिची नजर बाहुलीवर गेली. "हे काय आहे?"

"काही नाही," भिंगरी म्हणाली. बाहुली पिशवीत कोंबली, पिशवी बाकावर ठेवली, आणि तिच्यावर गच्च बसून राहिली.