येऊ-का बाईंचं विमान

घरात बाळंतीण कण्हत असली, माणसं दारात ताटकळत उभी असली, तरी आमच्या नर्सबाई उंबरठ्यापाशी थांबत. एक हात चौकटीला लावत आणि विचारत, "येऊ का?" आतून कुणी "या" म्हटल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. माझ्या जन्माच्या वेळी गव्हाण गावी आमच्या दारातही त्या अशाच थांबल्या होत्या. बाप चिडून म्हणाला होता, "बाय, तुमाला आनाया मीच गेलेलो ना? आता इचारता काय?" तरी तो "या" म्हणेपर्यंत त्या हलल्या नाहीत. पनवेलपासून नेऱ्यापर्यंत सगळे त्यांना येऊ-का बाई म्हणत.

बाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या. त्यांच्या पनवेलच्या घराच्या चौकटीवर एक छोटी नळी तिरकी ठोकलेली होती. आत प्रार्थनेचा कागद. येताजाता बाई तिला बोटं लावून ती ओठांना टेकवत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तुमच्या दारांना ही नसते. म्हणून तिथं तोंडानं विचारते." त्या थट्टेत बोलल्या की खरंच, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

आमचं घर मिठागरात राबणारं. शिकणारा मी पहिलाच. हायस्कूलपासून मी बाईंच्या मागच्या खोलीत राहत होतो. मुंबईच्या कॉलेजात जायला लागलो, तरी सुट्टीला आधी त्यांच्याकडे उतरत असे. चहाचा कप पुढे ठेवून त्या म्हणत, "काय शिकलास? मला कळेल असं सांग." सांगताना मी पुष्कळदा अडखळायचो. त्या थांबून राहत.

एकोणीसशे साठनंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांची एकुलती मुलगी रिबका इस्रायलमध्ये होती. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस गेले होते. बाईंनी जायचं ठरवलं. ज्या हातांनी तालुक्याची मुलं जगात आणली, ते हात पोटच्या मुलीपाशी नसावेत, हे त्यांना सोसवत नव्हतं. पण उरणला जातानासुद्धा त्या होडीत डोळे मिटून बसत. विमानाचं नाव काढलं की त्यांचा चहा बशीत सांडे.

मला वाटलं, समजावून सांगितलं तर भीती जाईल. मी नकाशा पसरला. म्हणालो, "बाई, प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं असतं, असा देशादेशांत करार आहे. वरून जायचं तर विमानाला परवानगी लागते."

त्यांना ते एकदम पटलं. "बरोबरच आहे. दुसऱ्याच्या डोक्यावरून जायचं तर विचारायला नको?" मग बोट नकाशावर थांबलं. "आणि कुणी नाही म्हटलं तर?"

मधल्या काही देशांनी तसं म्हटलंच होतं. इस्रायलला जाणाऱ्या विमानाला त्यांचं आकाश बंद होतं. म्हणून आधी तेहरानला उतरायचं, तिथं विमान बदलायचं आणि तुर्कस्तानवरून जायचं. मी बोटानं दाखवलं, "एवढा वळसा."

बाईंचा चेहरा उतरला. "वळसा म्हणजे काय, ते मला सांगू नकोस रे."

मग त्यांनी आपटा गावातली गोष्ट सांगितली. दोन भावांचं भांडण. धाकट्याची बायको अडलेली आणि तिच्या घराची वाट थोरल्याच्या अंगणातून. बाईंनी कुंपणापाशी उभं राहून विचारलं, "येऊ का?" थोरला म्हणाला, "नाय." त्याच्या हातात कोयता होता. बाई नदीकाठानं फिरून गेल्या. पोचल्या तेव्हा मूल बाहेर आलं होतं, पण रडत नव्हतं.

"तसंच घुसायचं होतं, बाई," मी म्हणालो.

"तू ते डोळे बघितले नाहीस," त्या म्हणाल्या. "आणि विमान बिघडून त्याच अंगणात उतरलं, तर? माझ्या पासपोर्टवर इस्रायलचा शिक्का बघतील. मग?"

कॉलेजात राज्यशास्त्राच्या सरांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, संकटातल्या विमानाला मदत करावी, असंही त्या करारात आहे. सुट्टी लागताच मी येऊन बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "लिहिलंय ते ठीक. पाळतात का?" सरांना मी हे विचारलंच नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी घरात मलिद्याचा विधी झाला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं. सगळ्यांनी प्रेषित एलियाहू हनबींचं नाव घेतलं. माझ्या हातावर प्रसाद ठेवताना बाईंची बोटं बर्फासारखी गार होती. निघताना त्यांनी चौकटीवरच्या नळीला हात लावला, तो किती तरी वेळ काढलाच नाही. शेवटी त्यांचे दीर म्हणाले, "वहिनी, टॅक्सी थांबलीय."

सांताक्रूझला आम्ही कठड्यापाशी उभे होतो. बाई शिडी चढल्या आणि विमानाच्या दारात थांबल्या. मागची माणसं खोळंबली. बाईंचा हात दाराच्या कडेला गेला, मग ओठांकडे. आतली हवाई सुंदरी पुढे वाकून काहीतरी ऐकू लागली. गोंधळलेली असावी. मग तिनं मान हलवली, आणि बाई आत गेल्या.

त्यानंतर काहीच कळेना. मी वर्गात बसे, पण फळ्यावरचं दिसत नसे. वर्तमानपत्र उघडायलाही हात धजत नसे. नकाशा मी दाखवला होता, वळसा मी दाखवला होता. ते कोयतेवालं अंगण माझ्या स्वप्नात येऊ लागलं, आणि त्यात विमान उभं असे.

मग एकदाचे दीर बाईंचं पत्र घेऊन आले. विमान तेहरानला अडकलं होतं. पुढची परवानगी येईना, आणि बाई तिथल्या बाकावर बसून राहिल्या होत्या. रिबका होती त्या दवाखान्यात पोचायला उशीर झालाच. दीरांनी त्यांचा निरोप सांगितला: "त्याला सांगा, दारात उभं राहून येऊ का विचारलं. कुणी या म्हणायच्या आधी आतून बाळाचं रडणं ऐकू आलं."

बाई रिबकाकडेच राहिल्या, परत आल्या नाहीत. पनवेलच्या घरात दुसरं बिऱ्हाड आलं. चौकटीवर नळीच्या खिळ्यांची दोन भोकं राहिली आहेत.

सुट्टीत मी गव्हाणला असलो की सांताक्रूझहून उडालेलं एखादं विमान मिठागरांवरून जातं. बाईंच्या वळशाची गोष्ट मी आईला सांगितली आहे. आई फावडं टेकवते, डोळ्यांवर हात धरून वर बघते आणि विचारते, "इचारून चाललंय ना रं त्ये?"

मी "हो" म्हणतो. विमान दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघं वर बघत राहतो.