दादानं न उघडलेली सीडी

रविवार, अकरा तारीख. दादाच्या दुकानातलं शेवटचं कपाट आवरायला घेतलं. माझ्या थोरल्या भावाला जाऊन पाच आठवडे झाले होते. वहिनींनी किल्ली हातात दिली. म्हणाल्या, "मला तिथं उभं राहवत नाही, वन्सं. तुम्हीच बघा." आवराआवर मला जमते.

राजारामपुरीत दादा वीस-बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करत होता. खालच्या कप्प्यात लाल फडक्यात गुंडाळलेली ऑपरेटिंग सिस्टीमची सीडी निघाली, कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये जशीच्या तशी. ही मला ठाऊक होती. स्वतःच्या मशीनवर नवी सिस्टीम घालायला त्यानं ती आणली होती. लोकांच्या मशीनवर हे काम तो चहा पीत करायचा. स्वतःच्या मशीनला मात्र हात लावायला भ्यायचा. "सगळं पुसलं गेलं म्हंजे? आत्ता चालू हाय की." मग दर खंडेनवमीला अवजारांच्या पूजेत पाटावर पकड, स्क्रूड्रायव्हर आणि शेजारी ही सीडी. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आणि परत फडक्यात. मी म्हणायची, "देव्हाऱ्यातच बसव की तिला." तो म्हणायचा, "बसू दे गं, खायला मागत न्हाय."

छातीत जळजळायला लागलं तेव्हा सहा महिने त्यानं पित्ताची पावडर खाल्ली. मी दोनदा रिक्षा दारात आणली. दुसऱ्यांदा तो चप्पल घालून पायरीपर्यंत आला, खाली बसला आणि हळूच म्हणाला, "शैले, आत काय तरी निघालं तर गं?" एवढा आडदांड माणूस... मी रिक्षा परत पाठवली. ती चूक माझी.

तो गेला त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, वडील कशानं गेले? हृदयविकारानंच, मी म्हटलं. जिना चढताना मलाही छातीत दाटतं, हेही सांगितलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी तपासण्या लिहून दिल्या. म्हणाले, "उशीर करू नका." तो कागद पाच आठवडे पर्समध्ये होता. दवाखान्याच्या फाटकापर्यंत मी दोनदा गेले आणि भाजी घेऊन घरी आले.

सीडीचा फोटो काढून वस्तू फुकट देण्याच्या एका ग्रुपवर टाकला. 'शेतात टांगा, पाखरं भितील,' एकानं लिहिलं. दुसऱ्यानं विचारलं, 'डाग कसले?' हळदीचे, मी लिहिलं. मग पेठ वडगावच्या एका माणसाचा निरोप आला. त्याचं ब्लाउजवर भरतकाम करायचं मशीन याच जुन्या सिस्टीमवर चालतं, आणि ते बंद पडलं होतं.

सोमवारी दुपारी तो आला. "हितंच फोडतो ताई, खराब निघाली तर कळंल."

"फोडू नका," माझ्या तोंडून निघून गेलं.

"का वो? शोभंला न्हेऊ व्हय?"

एका सीडीला मी एवढी भ्याले, याचीच मला जास्त भीती वाटली. त्यानं स्कूटरच्या किल्लीनं प्लॅस्टिक चिरलं आणि सीडी उजेडात धरली. कडेला बुरशीसारखे बारीक ठिपके होते.

"कडंला खाल्लीया," तो म्हणाला. "मधी बरी दिसतीया. चार वर्सं आधी उघडली असती तर..." मग ती घेऊन गेला. संध्याकाळी त्याचा निरोप आला: 'अर्ध्यात अडकली. परत घालून बघतो.'

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता निघाले. वाटेत वहिनींना फोन करून दवाखान्याचं आणि छातीचं, दोन्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकट्या कशाला? फाटकाशी थांबा, मी येते."

मी थांबले नाही. थांबले असते तर परत फिरले असते. आत जाऊन खिडकीवर नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि नर्सनं ईसीजीसाठी बोलावल्यावर हातातल्या बांगड्या काढून तिच्याकडे दिल्या.