अकरा पाय

घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि कृत्रिम पाय बनवायला शिकायला ती परदेशी गेली तरी फोनवर धाकटीच राहिली. "परक्या ठिकाणी शेंडेफळाचे नखरे नकोत," असं आईने निघताना बजावलं होतं. नखरे सोडाच, सहा महिने ती सगळ्यांच्या आधी कार्यशाळेत हजर असे, कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेली. शिकाऊ म्हणून तिने अकरा पाय केले आणि एकही दुरुस्तीला परत आला नाही. ही फुशारकी तिने घरी इतक्यांदा मारली की आत्याने तिच्या दवाखान्यासाठी जागाही हेरून ठेवली. आत्याचा उत्साह एकदा सुटला की आवरणं कठीण.

बारावा पाय शेवटच्या दिवशीचा. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका आजींचा, गुडघ्याखालचा. पायाचं माप घेताना हाड जिथे वर येतं तिथे शाईच्या पेन्सिलीने खूण करतात. ती साच्यावर उमटते, आणि तिथे प्लास्टरचा जास्तीचा थर चढवून हाडाला जागा ठेवायची असते. पण धाकटीला काम कसं, चकचकीत लागतं. थर चढवायच्या आधीच तिने साचा कानशीने घासून गुळगुळीत केला. त्यात खूण पुसली गेली आणि थर राहूनच गेला.

नवा पाय चढवून आजी दोन्ही बाजूंच्या आधाराच्या दांड्या धरून चालल्या.

"दुखतंय का, आजी?"

"छे गं! मस्त आहे."

दहा फेऱ्या झाल्या, त्याही हसत. धाकटीने आत्यासाठी मोबाइलवर व्हिडिओ काढला. तिला काम शिकवणारे मास्तर मात्र कोपऱ्यातून उठून आले आणि म्हणाले, "पाय उतरव." आतल्या पांढऱ्या मोज्यावर रक्ताचा डाग होता.

धाकटीने आजींकडे पाहिलं. "मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"उद्या निघायचंय ना तुला? जाता जाता कशाला जिवाला घोर? मास्तर करतील मागाहून नीट."

मागाहून. धाकटी मास्तरांकडे वळली. "आधीचे अकरा?"

मास्तर उगाच चष्मा पुसत राहिले. "नऊ परत आले होते. संध्याकाळी तू गेल्यावर मी नीट करून द्यायचो."

"मला का नाही बोलावलंत?"

"एवढ्या लांबून आलेली, माझ्या लेकीच्या वयाची. सगळे म्हणाले, पोरीला आनंदात परत पाठवू."

तिला संतापही आला आणि रडूही. चुका सगळ्यांच्याच हातून होतात. पण नऊ माणसांनी तिचं मन राखायला कातडी सोलून घेतली होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. घरी गेल्यावर तिच्यामागे पाय नीट करून द्यायला कोण असणार होतं?

मास्तरांनी अहवाल पुढे केला. शेरा होता, 'उत्तम'. तिने तो न वाचल्यासारखा टेबलावर पालथा ठेवला आणि आत्याला फोन लावला.

"आत्या, जागेचं थांबव. मी दोन महिने उशिरा येईन. मला अजून पाय करता येत नाही."

"अगं, आणि तिकीट?"

"गेलं पाण्यात."

आत्या भडकली. "तुझं तू बघ, बाई," म्हणून तिने फोन ठेवला.

धाकटी आजींच्या पुढ्यात जमिनीवर बसली. जखमेच्या कडेकडेने तिने अलगद बोट फिरवलं.

"आजी, आता खरं सांगा. माझ्यासाठी हसू नका."

आजींनी आधी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तशी आजींच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं, आणि त्या एकदम खूप थकलेल्या दिसल्या.

"दुखतंय," त्या म्हणाल्या. "पहिल्या पावलापासून दुखतंय."

सहा महिन्यांत हा शब्द तिच्यापुढे कोणी उच्चारला नव्हता. धाकटीने डोळे पुसले आणि विचारलं, "अजून कुठे?"