पाडसाची दृष्ट

नवऱ्याने तंबू मागवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चांगलं घर असताना कापडाखाली निजायचं, म्हंजी कमालच झाली." तरी निघायच्या दिवशी सगळ्यांत आधी तयार त्याच. केडगावहून आम्ही त्यांच्या माहेरच्या माळावर, काष्टीच्या बाजूला निघालो, आणि गाडीत तंबूलाच जागा उरली नाही, तो टपावर बांधावा लागला. पाटा-वरवंटा सोडून सगळं स्वयंपाकघर बरोबर होतं.

आमची लेक सहा महिन्यांची होती. सोमवारपासून मला सुप्याच्या कारखान्यात पुन्हा कामावर जायचं होतं. सासूबाई मला उघड नको म्हणत नव्हत्या. नातीला मांडीवर घेऊन तिलाच सांगायच्या, "तुजी आय चालली बघ तुला टाकून." लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडे नातीवरच भागायचं. मला राग यायचा, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडूही यायचं.

माळावर पोचल्यावर तंबूने सगळ्यांना घाम फोडला. सासरे चष्मा लावून सूचना वाचत होते, नवरा त्या ऐकत नव्हता. कसाबसा तो उभा राहिला. चुलीवर खिचडी चढवून मी आणखी काटक्या वेचायला गेले तर जवळच गवतात हरणाचं पाडस दिसलं. मान जमिनीला टेकवलेली, डोळे टक्क उघडे, हालचाल काही नाही.

सासूबाई धावत आल्या. "आगं बया! हेची आय कुठं हाय? असं लेकरू टाकून जाती व्हय कुनी?" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण लागायचं ते लागलंच.

सासूबाई लेकीची दुधाची बाटली घेऊन निघाल्या. नवऱ्याने अडवलं, हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मग त्यांनी दुसरा उपाय काढला. इतकं देखणं पोर, दृष्टच लागली असणार! लेकीसाठी आणलेलं मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन त्यांनी लांबूनच पाडसावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. दृष्ट असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही म्हणतात. आम्हाला असा लागला की सासऱ्यांचा चष्मा खाली पडला.

खोकता खोकताच सासऱ्यांनी बोट दाखवलं. बाभळीपलीकडे एक हरणी उभी होती. ती चार पावलं पुढे यायची आणि सासरे खोकले की उडी मारून मागे जायची.

"तिचंच आहे," नवरा म्हणाला. "आपण मधे तंबू ठोकून बसलोय."

सासूबाईंनी अर्धीकच्ची खिचडी चुलीवरून उतरवली, चुलीवर पाणी ओतलं. "उचला ते कापाड! लेकरू भुकेलं हाय तिकडं."

दुपारभर उभा न राहणारा तंबू बघता बघता आडवा झाला. सगळं ओढत आम्ही माळाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो आणि गाडीमागे गप्प बसलो. लेकीने आवाज करू नये म्हणून मी तिला पाजायला घेतलं. हरणी काही येईना. तिने आता यावं, असं मला इतकं वाटत होतं की बाभळीवरून नजर हलेना.

ऊन उतरलं तेव्हा ती आली. थांबत, कान टवकारत. गवतात तोंड घातलं तसं पाडस लटपटत उठलं आणि ढुशा देत पिऊ लागलं.

सासरे कुजबुजले, "इतका वेळ पोराला सोडून कुठं होती म्हणायची ही?"

"चरायला गेल्ती," सासूबाई फटकन म्हणाल्या. "तिनं चारा खाल्ला न्हाई तर दूध कुठनं यायचं?"

मग बराच वेळ त्या तिकडेच बघत राहिल्या. माझी लेक पिता पिता झोपली होती. त्यांनी तिला अलगद आपल्या मांडीवर घेतलं, पदर पांघरला आणि या वेळी माझ्याकडे बघून विचारलं, "सोमवारी किती वाजता येती गं तुजी बस?"

मला वेळ पाठ होती. मी सांगितली, आणि परतीच्या बसचीही सांगितली.